कळ्यांच्या निःश्वासांपासून तारेच्या कुंपणापर्यंत : मालतीबाई बेडेकर



गुन्ह्याची गोष्ट म्हटली की मुलांचे कान लगेच टवकारतात. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवून वाचला. अशा गोष्टीत प्रश्न एकच असतो, गुन्हा कुणी केला? शेवटच्या पानावर त्याचं उत्तर मिळतं आणि पुस्तक मिटतं.

पण मराठीत एक लेखिका अशी होऊन गेली की तिनं हा प्रश्नच उलटा केला. ज्यानं काहीच केलेलं नाही, जो काल-परवा जन्माला आला, त्याला गुन्हेगार कुणी ठरवलं? या लेखिकेचं नाव मालतीबाई बेडेकर. वाचकांना त्या विभावरी शिरूरकर म्हणून ठाऊक आहेत. त्यांचं शिक्षण कुठे झालं, तर आपल्या वारज्याच्या अगदी शेजारी, हिंगण्याला. आज आपण ज्याला कर्वेनगर म्हणतो तेच हे हिंगणे बुद्रुक. रोज त्या बाजूनं जाणं-येणं असतं, पण ही ओळख आपल्या मुलांना क्वचितच असते. म्हणून आजचा हा पाठ.

बालपण : एक मास्तर आणि एक गवळीवाडा

मालतीबाईंचं माहेरचं नाव बाळूताई खरे. जन्म १८ मार्च १९०५ चा. वडील अनंतराव खरे शिक्षक होते. आई इंदिराबाई. पुणे-नगर रस्त्यावरच्या घोडनदीला, म्हणजे शिरूरला, हे कुटुंब राहायचं. मास्तरांचा त्या काळचा पगार तो काय असणार! इंदिराबाईंनी दुधाचा धंदा सुरू केला आणि तो एक-दोन नव्हे, तब्बल पंचवीस वर्षं नीट चालवला. ब्राह्मण घरातल्या बाईनं गाई-म्हशी सांभाळून, दुधाचा हिशेब ठेवून संसाराला हातभार लावायचा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

म्हणजे बघा, बाळूताईंनी घरातच दोन गोष्टी पाहिल्या. वडील मुलींना शिकवलंच पाहिजे असं मानणारे, आणि आई स्वतः कमावणारी. बाई कमावते तेव्हा घरात काय बदलतं आणि काय बदलत नाही, हा विषय पुढे त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा आला. त्याचं बी इथं आहे.

आपल्या आईवडिलांवर त्यांनी पुढे १९५३ मध्ये 'खरेमास्तर' ही कादंबरी लिहिली. शिक्षकाच्या घराचं इतकं खरं चित्र मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडतं. आपण शिक्षकांनी तर ती आवर्जून वाचावी.

हिंगण्याची शाळा

मुलीला शिकवायचं तर पाठवायचं कुठे? खरेमास्तरांनी मुलीला हिंगण्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या संस्थेत पाठवलं.

त्या हिंगण्याची कल्पना आज करणंही कठीण आहे. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा मुलींसाठी आश्रम काढला आणि १९०० च्या सुमारास तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. तिथून ते फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला रोज चालत जायचे. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झालं आणि १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ. या विद्यापीठाची कल्पना कर्व्यांना सुचली ती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाचून. टोकियोतल्या मुलींच्या शिक्षणाची हकिगत हिंगण्याच्या झोपडीत पोचली आणि त्यातून एक विद्यापीठ उभं राहिलं. विद्यापीठात मुलींना त्यांच्या मातृभाषेतून शिकवायचं असं ठरलं होतं.

बाळूताई याच आवारात शाळा शिकल्या, इथेच कॉलेज केलं आणि विशीतच पदवीधर झाल्या. 'रागिणी' कादंबरीचे लेखक वामन मल्हार जोशी त्यांना शिकवायला होते. मुलींशी बरोबरीनं वाद घालणारे, त्यांना विचार करायला लावणारे शिक्षक मिळणं हे मोठं भाग्य. कर्वे, वामनराव आणि वडील या तिघांचा ठसा आपल्यावर आहे, असं मालतीबाई मानत.

शिक्षण संपल्यावर त्या कर्व्यांच्याच संस्थेच्या पुण्यातल्या कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. या काळात त्यांनी 'अलंकार मंजूषा' हे अलंकारशास्त्रावरचं पुस्तक लिहिलं. के. ना. केळकर यांच्याबरोबर 'हिंदुव्यवहार धर्मशास्त्र' हा ग्रंथही लिहिला. हिंदू स्त्रीला कायद्यानं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे त्यांना पुस्तकी पातळीवर नीट ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या कथा निव्वळ भावनेच्या भरात लिहिलेल्या नाहीत.

विभावरी कोण?

१९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह बाहेर आला. प्रकाशक ह. वि. मोटे. लेखिका विभावरी शिरूरकर. या नावाची बाई कुणालाच माहीत नव्हती. विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूरकर हे आडनाव घोडनदी-शिरूरवरून घेतलेलं.

या कथांत होतं तरी काय? शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पण लग्न न झालेल्या मुली. हुंड्यापायी लग्न अडलेली मुलगी. पगार घरात येतो म्हणून जिच्या लग्नाचा विषय आईबापच पुढे ढकलत राहतात अशी मुलगी. शिकून मोठ्या झालेल्या या मुलींना मन असतं, शरीर असतं, प्रेमाची आणि संसाराची ओढ असते, हे त्या कथांनी सरळ सांगितलं. तोवर मुलींना शिकवावं की नाही यावर पुरुषांनी भरपूर वाद घातले होते. शिकलेल्या मुलीचं पुढे काय होतं, हे त्या मुलीच्या बाजूनं कुणी सांगितलं नव्हतं.

झालं! महाराष्ट्रात एकच गहजब उडाला. निषेधाच्या सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून टीका झाली. आणि एखाद्या रहस्यकथेत व्हावा तसा शोध सुरू झाला : ही विभावरी कोण? बाईच्या नावाआडून एखादा पुरुषच लिहीत असणार, असंही काहींना वाटलं. इतकं मोकळं बाई लिहिणार नाही, ही त्यांची खात्री! मोट्यांनी मात्र नाव फोडलं नाही.

टोपणनाव का घ्यावं लागलं हे आपल्यासारख्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. मुलींच्या शाळेत शिकवणारी अविवाहित बाई असं लिहिते हे कळलं असतं, तर बोट एकट्या तिच्याकडे दाखवलं गेलं नसतं. मुलींना शिकवलं की हे असं होतं, असं म्हणायला विरोधक टपलेलेच होते. कर्व्यांनी पै-पै जमवून उभ्या केलेल्या शाळेतून लोकांनी मुली काढून घेतल्या असत्या.

१९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. नवऱ्यानं टाकलेली एक सुशिक्षित बाई. तिला दुसऱ्या पुरुषाबद्दल प्रेम वाटतं, मूल हवंसं वाटतं. पण त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाची कायदेशीर वाटच नव्हती. मुंबई प्रांतात तो कायदा १९४७ मध्ये झाला, देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. म्हणजे कादंबरीतला प्रश्न कायद्याच्या पुस्तकात यायला पुढची तेरा ते एकवीस वर्षं लागली. १९३५ मध्ये रोजनिशीच्या रूपातली 'विरलेले स्वप्न' ही कादंबरी आली.

हळूहळू विभावरी म्हणजे बाळूताई खरे हे लोकांना कळलं. पण तोवर पुस्तकं वाचकांपर्यंत पोचली होती. विधान कुणाचं आहे हे बाजूला ठेवून, ते खरं आहे की नाही यावर लोकांना बोलावं लागलं होतं. टोपणनावानं आपलं काम केलं.

सोलापूरची वसाहत

यानंतर बाळूताईंच्या आयुष्यानं वेगळं वळण घेतलं. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कन्याशाळा सोडली आणि सरकारी नोकरी धरली. नोकरी होती सोलापूरला, 'गुन्हेगार जमातींच्या' वसाहतीत.

हा कायदा काय होता हे मुलांना सांगायलाच हवं, कारण तो आपल्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीत उरकला जातो. इंग्रज सरकारनं १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, आणि १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही. या कायद्यानं सरकार एखाद्या अख्ख्या जमातीलाच गुन्हेगार म्हणून जाहीर करू शकत होतं. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा कितीतरी जमाती या यादीत आल्या. कुणी काय केलं हे बघायचंच नाही, कुणाच्या पोटी जन्मलास ते बघायचं. जमातीतल्या माणसांची सरकारदरबारी नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची. परगावी जायचं तर पास लागायचा. काहींना तर तारेच्या कुंपणाआड वसवलेल्या वसाहतीत राहावं लागायचं. सोलापूरची वसाहत त्यातली एक. तिथली माणसं कापडगिरण्यांत राबायची आणि परत कुंपणाच्या आत यायची. सोलापूरकर आजही त्या भागाला सेटलमेंट म्हणतात.

शिक्षक मित्रांनो, यातला हजेरी हा शब्द पुन्हा एकदा वाचा. आपणही रोज सकाळी वर्गात हजेरी घेतो. मूल आलं नाही तर आपल्या मनात येतं, आजारी आहे का, घरी काही झालं का? हजेरीमागे काळजी असते. वसाहतीत तोच शब्द, तीच नाव पुकारायची पद्धत, पण त्यामागे संशय. माणूस जागेवर नसला की तो कुठेतरी गुन्हाच करत असणार, हे आधीच ठरलेलं.

पुण्यातल्या कन्याशाळेतून आलेल्या बाईनं हे सगळं जवळून पाहिलं. तारेच्या आतली घरं पाहिली, त्या बायकांची दुखणी, भांडणं, भीती पाहिली. तिथं मुलं जन्माला येत होती आणि जन्मतःच सरकारी वहीत जमा होत होती. त्या स्वतः सरकारी अधिकारी होत्या हेही विसरून चालणार नाही. म्हणजे कुंपणाच्या ज्या बाजूला सत्ता होती, त्या बाजूला त्या उभ्या होत्या. तिथं उभं राहून पलीकडच्या माणसाकडे माणूस म्हणून बघायचं, ही सोपी गोष्ट नाही.

बळी

१९३८ मध्ये त्यांचं लग्न विश्राम बेडेकरांशी झालं आणि बाळूताई खरे मालती बेडेकर झाल्या. विश्रामराव चित्रपटसृष्टीतले, आणि १९३९ मध्ये आलेल्या 'रणांगण' या गाजलेल्या कादंबरीचे लेखक. दोघंही लिहिणारे, दोघांचेही स्वभाव आणि मतं स्वतंत्र. विश्रामरावांनी पुढे आत्मचरित्राला 'एक झाड आणि दोन पक्षी' असं नाव दिलं.

सोलापूरचा अनुभव मालतीबाईंनी लगेच कागदावर उतरवला नाही. तो मनात मुरला आणि १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. वसाहतीतल्या मांग-गारुडी समाजाचं जगणं हा तिचा विषय. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात रमलेल्या मराठी कादंबरीला हे जग पूर्ण नवं होतं. यात चोऱ्या आहेत, पोलीस आहेत, मारामाऱ्या आहेत. मालतीबाईंनी या माणसांना देवमाणसं करून दाखवलं नाही. पण वाचता वाचता आपल्या लक्षात येतं की चोरीपेक्षा मोठा गुन्हा तारेचं कुंपण घालणाऱ्यांचा आहे. ज्याला सुधारायचं आहे त्यालाही कुंपण सोडत नाही, कारण बाहेरच्या जगानं त्याच्या कपाळावर शिक्का आधीच मारलेला असतो. शीर्षकातला बळी कोण, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

कादंबरी आली त्या सुमारास हा कायदा मोडीत निघत होता. मुंबई राज्यानं तो १९४९ मध्ये रद्द केला. देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो संपला. म्हणून ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश स्वतंत्र झाला १९४७ मध्ये, पण या लोकांच्या भोवतीचं कुंपण उठायला आणखी पाच वर्षं गेली. हा फरक पंधरा ऑगस्टच्या भाषणात आपण एकदा तरी मुलांना सांगावा.

अर्थात 'बळी' ही बाहेरून आत गेलेल्या बाईनं लिहिलेली कादंबरी आहे. त्या जगातल्या माणसांनी स्वतः लेखणी हाती घ्यायला वेळ लागला. अण्णा भाऊ साठे यांच्या १९५९ मधल्या 'फकिरा'त मांगांच्या हजेरीचा जाच आहे. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ मध्ये. या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आतून लिहिलेल्याची धार वेगळीच असते. म्हणून मोठ्या मुलांना वाचायला सांगताना 'बळी' एकटी देऊ नये, 'फकिरा' आणि 'उचल्या'च्या सोबत द्यावी. बाहेरून काय दिसलं आणि आतून काय सोसलं, दोन्ही कळतं.

उत्तरायुष्य

'बळी'नंतर 'खरेमास्तर', मग १९५६ मध्ये 'शबरी' ही कादंबरी आली. १९६२ मधलं 'घराला मुकलेल्या स्त्रिया' हे पुस्तक तर कथा-कादंबरी नाहीच. ज्यांना घर उरलं नाही अशा बायकांच्या हकिगती त्यांनी त्यात मांडल्या. तिशीत कल्पित कथेतून विचारलेला प्रश्न त्यांनी साठीकडे झुकताना खऱ्या बायकांकडे जाऊन पुन्हा विचारला.

१९८१ मध्ये मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं. साहित्याच्या व्यवहारात सरकारचा हस्तक्षेप नको, ही त्यामागची भूमिका. त्याच्या अध्यक्षस्थानी पंचाहत्तरीतल्या मालतीबाई होत्या. एकेकाळी नाव लपवून लिहावं लागलेली बाई आता स्वतःच्या नावानं, भर व्यासपीठावरून सरकारला नको म्हणत होती.

७ मे २००१ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आपल्या वर्गासाठी

मालतीबाईंचं सगळं आयुष्य एका शब्दाभोवती फिरताना दिसतं. तो शब्द म्हणजे नाव. शाळेला झळ लागू नये आणि खरं बोलता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं नाव झाकलं. ते त्यांना झाकता आलं. सोलापूरला त्यांना अशी माणसं भेटली ज्यांना जमातीचं नाव झाकायची सोयच नव्हती, ते सरकारी वहीत आधीच लिहिलेलं होतं. या दोन नावांमधलं अंतर त्यांना कळलं आणि त्यातून 'बळी' लिहून झाली.

आता आपल्याकडे वळू. वारजे, शिवणे, उत्तमनगर या भागातल्या शाळांत बांधकामावरच्या मजुरांची, पालावरच्या कुटुंबांची मुलंही येतात. वर्गात कुणाचं पेन हरवतं, डब्यातले पैसे जातात. अशा वेळी आपण पहिलं दप्तर कुणाचं उघडतो? कुणाकडे नजर आधी वळते? कुणाचं आडनाव, कुणाची वस्ती मनात येते? पालकांनीही हे स्वतःला विचारावं. त्याच्याशेजारी बसू नकोस, असं आपण घरी सहज बोलून जातो. मुलं ते वर्गात आणतात. कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का मारायची सवय कायद्यानं जात नाही. ती वर्गात आणि घरातच मोडावी लागते. पुरावा नसताना कुणाचंही दप्तर उघडायचं नाही, आणि उघडायचंच तर सगळ्यांचं, आपल्या लाडक्या हुशार मुलाचंसुद्धा. एवढा एक नियम वर्गात पाळला तरी पुष्कळ झालं.

मुलांशी बोलताना (इयत्ता ८ वी ते १० वी)

१. विभावरी शिरूरकर हे नाव लेखिकेनं का घेतलं असेल? आज असं नाव घ्यावं लागेल का?

२. आपल्या वर्गातली हजेरी आणि वसाहतीतली हजेरी यांत काय फरक आहे?

३. एकानं केलेल्या चुकीची शिक्षा सगळ्यांना झाली, असं तुम्ही कधी पाहिलं आहे का? नाव न घेता लिहा.

४. घरातल्या आजीला किंवा शेजारच्या आजींना विचारा : त्यांना किती शिकता आलं, पुढे शिकायचं का राहिलं? दहा ओळींत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवू नका. आधी एकट्यानं वाचा. काही उत्तरं आपल्यासाठीच लिहिलेली असतात.